उंचीचा आग्रह आणि खान्देशचे आकाश

हौशी रेडिओचा परवाना मिळाला की जळगाव-धुळ्याकडच्या नव्या हॅमला पहिला सल्ला मिळतो तो अँटेनाविषयी, आणि तो बहुधा ठरलेलाच असतो. मनोरा जमेल तितका उंच कर. त्यावर पाच-सहा एलिमेंटची, शक्य तर बाहेरच्या देशातून मागवलेली यागी चढव. केबल जोडल्यावर मीटरवर एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) एकास एक दिसला की काम फत्ते. एवढे परवडत नसेल तर थोडा थांब आणि पैसे साठव. परिणाम असा की रिग, म्हणजे रेडिओ संच, घरात येते आणि अँटेनावाचून कपाटात बसून राहते. हा सल्ला देणारी माणसे अनुभवी असतात, त्यांचा शब्द नवे लोक प्रमाण मानतात. म्हणूनच या मताचा नीट समाचार घ्यायला हवा. उंची, मीटर आणि बाजार या तीन खांबांवर हे मत उभे आहे. खान्देशाच्या भूगोलात आणि इथल्या आकाशात त्यातला एकही खांब भार पेलत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचे पूर्ण बळ देऊ. उंचीचा आग्रह हवेतून आलेला नाही. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झवर ऐकत इथली माणसे मोठी झाली, आणि त्या केंद्राचा मनोरा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे दूरदर्शन आले. गच्चीवरच्या पाइपाला आणखी एक पाइप जोडला की पडद्यावरच्या मुंग्या कमी व्हायच्या, हे घराघरांत पाहिलेले आहे. त्यानंतर मोबाइलचे टॉवर उभे राहिले. तीन पिढ्यांच्या डोळ्यांनी एकच गोष्ट पाहिली: जितके उंच, तितके स्पष्ट. एवढा प्रत्यक्ष अनुभव पाठीशी असताना ते मत हट्टाचे म्हणता येणार नाही.

तरीही या अनुभवातून काढलेला निष्कर्ष लघुलहरींना लागू पडत नाही. ९६३ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३११ मीटर, तिचा चौथा हिस्सा ७८ मीटर. तिथे मनोरा अँटेनाला टेकू देत नाही, तो स्वतःच अँटेना असतो. त्याची उंची तरंगलांबीतून येते आणि त्याची दिवसाची लहर जमिनीला धरून चालते. दूरदर्शन आणि मोबाइलची गोष्ट दृष्टिरेषेची: जे दिसते तिथवर पोचायचे. हौशी रेडिओचा ४० मीटरचा पट्टा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ, यातल्या कोणत्याच रीतीने चालत नाही. त्याची लहर वर जाते, आयनांबरातून परतते आणि दूर कुठेतरी उतरते. ती कुठे उतरावी हे तुम्ही ठरवायचे असते. अँटेना निवडण्याचा पहिला प्रश्न त्यामुळे असा: तुम्हाला कोणाशी बोलायचे आहे?

खान्देशातल्या हॅमचे रोजचे सोबती पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, इंदूर, सुरत इथले. जळगाव ते पुणे सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर, धुळे ते मुंबई २८०, जळगाव ते नागपूर ३६५. लहर परतवणारा थर ढोबळमानाने ३०० किलोमीटर उंच धरू. आता एक काटकोन त्रिकोण काढा. पाया जळगाव-पुणे अंतराच्या निम्मा, १६५ किलोमीटर, आणि उंची ३००. जळगावातून लहर क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर निघाली तरच ती पुण्यात उतरेल. धुळे-मुंबईसाठी कोन आणखी खडा, ६५ अंशांच्या आसपास. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांच्या लीलावतीत दिवा, शंकू आणि सावली यांची जी उदाहरणे येतात, त्याच जातीचा हा त्रिकोण आहे. या भूमीतल्या माणसाला तो परका वाटू नये.

आडवी तार, म्हणजे डायपोल, कोणत्या कोनात जास्त ऊर्जा पाठवते, हे तिच्या जमिनीपासूनच्या उंचीवर ठरते. जमीन आरशासारखे वागते, तारेची प्रतिमा तयार होते, आणि दोघींच्या लहरी काही कोनांत एकमेकींना बळ देतात, काही कोनांत मारतात. हिशेब सोपा आहे. तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागा. येणारा आकडा मुख्य पाकळीच्या, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जा जाते त्या दिशेच्या, कोनाचा साइन. साडेदहा मीटरचा एकच खांब घ्या. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४२ मीटर, त्यामुळे भागाकार १ येतो आणि कोन ९० अंश: पाकळी थेट डोक्यावर, आणि ६० अंशांनाही जवळजवळ तितकीच भरलेली. त्याच उंचीवर १४.२ मेगाहर्ट्झचा डायपोल बांधला तर कोन ३० अंश. २८.४ मेगाहर्ट्झचा बांधला तर १५ अंशांच्या आसपास. खांब तोच, पण एका पट्ट्यावर तो पुण्याचा, दुसऱ्यावर हजार किलोमीटरपलीकडचा आणि तिसऱ्यावर युरोपाचा. खांब उंच आहे की बुटका, हे मीटर किंवा फुटांत सांगून काहीच कळत नाही. ते तरंगलांबीच्या हिशेबातच सांगावे लागते.

आता पूर्वपक्षाचा सल्ला मानू आणि ४० मीटरचा डायपोल दुप्पट, २१ मीटर उंच नेऊ. पाकळी ३० अंशांवर झुकते आणि नेमकी डोक्यावरची दिशा रिकामी होते. ६० अंशांवर, म्हणजे पुण्याच्या दिशेने, आदर्श जमीन धरून केलेल्या गणितात सुमारे ७ डेसिबलची घट येते. एस-मीटरवर हे एका घरापेक्षा जास्त आहे. ती भरून काढायला पाचपट शक्ती लागेल. मनोऱ्याचा खर्च केला, चढायची जोखीम घेतली, वळवाच्या वाऱ्याची धास्ती पत्करली, आणि पुण्याच्या मित्राला आवाज आधीपेक्षा बारीक ऐकू आला! मग मनोरा उभारणारा म्हणतो की पुण्याकडे आज कंडिशन नाही. कंडिशन असते. पाकळी पुण्यावरून पुढे निघून गेलेली असते.

दुसऱ्या टोकाचेही एक मत हल्ली ऐकू येते: जवळच्या संपर्काला तार कमरेइतक्या उंचीवर ताणली तरी चालते. तेही मला मान्य नाही. तार फार खाली आली की तिची बरीच ऊर्जा माती तापवण्यात जाते. ४० मीटरच्या पट्ट्याला आठ-दहा मीटर ही रास्त उंची आहे, आणि ती खान्देशातल्या दुमजली घराच्या गच्चीवर एक बांबू उभा केला की मिळते. तारेची दोन्ही टोके खाली उतरवून उलट्या व्हीचा आकार दिला तर तो एकच आधार पुरतो.

इथे जाणकार प्रतिवादी एक चांगला आक्षेप घेतो. डोक्यावर खड्या कोनात पाठवलेली लहर परतेलच कशावरून? परदेशी पुस्तके तर अशा जवळच्या संपर्कासाठी ८० मीटरचा पट्टा सुचवतात. आक्षेप बरोबर आहे, कारण थेट वर गेलेली लहर एका ठरावीक मर्यादेच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला परतत नाही. ती थर भेदून निघून जाते. पण ती पुस्तके मध्य अक्षांशांवर लिहिलेली आहेत, आणि खान्देश २१ अंश उत्तरेला आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जाते; १९६३ मध्ये तिथे अग्निबाण तळ उभारला तो त्याच कारणाने. त्या रेषेवर दिवसा आयनांबरातले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेला व दक्षिणेला घसरत उतरतात. भारतात ते अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्याच्या आसपास साचतात. ॲपल्टनने १९४६ मध्ये ही विसंगती मांडली. त्याच सुमारास कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांनीही एफ-२ थरावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची सत्ता चालते हे दाखवले. जळगाव आणि धुळे या साठ्याच्या काठाशी आहेत. म्हणून इथे दुपारी ती मर्यादा ७ मेगाहर्ट्झच्या बरीच वर असते, आणि पुण्याकडे खड्या कोनात पाठवलेली लहर ४० मीटरवर दिवसाचा मोठा भाग परतते. ८० मीटरची लहर मात्र भर दुपारी खालच्या डी थरात विरते, कारण फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तिथला शोष साधारण चौपट होतो. ८० मीटरचा खरा उपयोग पहाटे. सूर्य शांत असलेल्या वर्षांत सूर्योदयापूर्वी मर्यादा ७ च्या खाली घसरते, पुणे ४० मीटरवरून नाहीसे होते आणि हजार-दीड हजार किलोमीटरपलीकडचे लोक मोठ्याने ऐकू येतात. त्या तासाला ८० मीटरचा डायपोल जवळ असावा. उंच मनोरा तेव्हाही पुणे आणून देणार नाही.

उंचीचे पूर्ण श्रेय जिथे आहे तिथे ते दिलेच पाहिजे, आणि ते दोन मीटरच्या पट्ट्यावर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर आहे. ती लहर आयनांबरातून सहसा परतत नाही, तिला दृष्टिरेषा लागते. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरवर अँटेना असेल तर सपाट मुलखात रेडिओ क्षितिज सुमारे २६ किलोमीटर येते. जळगाव ते धुळे अंतर आहे ८० किलोमीटरच्या थोडे वर. नुसत्या उंचीच्या बळावर ते कापायचे तर दोन्ही ठिकाणी नव्वद मीटरहून उंच मनोरे लागतील. कोणत्याही हौशी माणसाच्या आवाक्यात हे नाही. इथे निसर्गाने दिलेली उंची वापरायची: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग. डोंगरावरचा एक रिपीटर गावोगावच्या मनोऱ्यांपेक्षा अधिक काम करतो. रिपीटर नसेल त्या दिवशी जळगाव-धुळे संपर्कही ४० मीटरच्या बुटक्या डायपोलवरून, थेट डोक्यावरच्या आकाशातून होतो. ८० किलोमीटरवरच्या माणसासाठी लहर आधी ३०० किलोमीटर वर पाठवायची, हे नवख्याला विचित्र वाटते. पण सातपुड्याच्या एखाद्या घळीत पूर आला आणि मोबाइल बंद पडला तर डोंगर आडवा न येणारी हीच एक वाट उरते. अमेरिकी लष्कराने १९६० च्या दशकात थायलंडच्या जंगलांत या पद्धतीच्या चाचण्या करवल्या त्या याच गरजेपोटी.

दुसरा खांब मीटरचा, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत जास्त दिशाभूल तोच करतो. एसडब्ल्यूआर एकास एक म्हणजे अँटेना उत्तम, असे मानले जाते. पन्नास ओहमचा डमी लोड जोडा. एसडब्ल्यूआर अगदी एकास एक दाखवील, आणि ध्वनी शेजारच्या गल्लीतही पोचणार नाही. मीटर एवढेच सांगतो की रिगला जो भार दिसतो तो पन्नास ओहमच्या किती जवळ आहे. ती ऊर्जा आकाशात गेली की मातीत, हे त्याला कळत नाही.

उभ्या अँटेनाचे उदाहरण घ्या. चतुर्थांश तरंगलांबीची उभी अँटेना उत्तम जमिनीवर सुमारे ३६ ओहम दाखवते. तिथे एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास येतो. आता तिच्या तळाशी जमिनीवर पसरायच्या रॅडियल तारा कमी आहेत आणि मातीत १४ ओहमचा तोटा आहे असे धरा. छत्तीस आणि चौदा मिळून पन्नास झाले. मीटर एकास एक दाखवतो, मालक समाधानी होतो, आणि शंभरातले अठ्ठावीस वॅट माती तापवतात. कोणी जाणत्याने येऊन आणखी रॅडियल अंथरले तर अँटेना सुधारते आणि मीटरचा आकडा वाढतो. मीटरवर श्रद्धा ठेवणारा माणूस त्या क्षणी रॅडियल काढून टाकील. सुधारणेला बिघाड म्हणणाऱ्या कसोटीवर अँटेनाची निवड सोपवायची कशी?

केबलची बाब याहून गंभीर आहे. बारीक आरजी-५८ कोॲक्स स्वस्त आणि सर्रास मिळते. ७ मेगाहर्ट्झवर तिच्या तीस मीटरमध्ये साधारण एक डेसिबल जाते, ते सोसता येते. पण १४५ मेगाहर्ट्झवर त्याच तीस मीटरमध्ये सुमारे ६ डेसिबल, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती जाते. अशा केबलच्या वरच्या टोकाला अँटेना जोडलेलीच नसेल तरी गेलेली लहर जाता-येता बारा डेसिबलने दमून परतते आणि खालचा मीटर १.७ च्या आसपास दाखवतो. बरेच लोक तेवढ्यावर संतुष्ट होतील. उंच मनोऱ्याचा आग्रह इथे स्वतःच्याच विरोधात जातो: मनोरा वाढवला की केबल वाढते, केबल वाढली की तोटा वाढतो आणि मीटर अधिकाधिक गोड दिसू लागतो.

मीटर फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. आजच्या रिग एसडब्ल्यूआर चढला की स्वतःची शक्ती कमी करतात, त्यामुळे आकडा पाहावा लागतो. गरज पडली तर ट्यूनर लावावा. पण दोनास एक एसडब्ल्यूआरला फक्त ११ टक्के शक्ती मागे फिरते. तीही सगळी वाया जात नाही. ट्यूनर असेल तर ती परत अँटेनाकडे वळते आणि केबल चांगली असेल तर बहुतांश बाहेर पडते. वॉल्टर मॅक्सवेल या अमेरिकी अभियंत्याने १९७३ पासून क्यूएसटी मासिकात लेखमाला लिहून हेच बजावले. टिरोस हवामान उपग्रहांच्या अँटेनांवर काम केलेला हा माणूस. अर्धे शतक उलटले तरी मीटरचा दरारा कमी झाला नाही. मीटरवर एकच आकडा असतो आणि तो लगेच दिसतो. पुण्यात आपण कसे ऐकू येतो हे दुसऱ्याला विचारावे लागते. मला तरी त्या दराऱ्याचे दुसरे कारण दिसत नाही.

तिसऱ्या खांबाला फार वेळ द्यायची गरज नाही. यागी ही उत्तम अँटेना आहे. उदा आणि यागी यांनी १९२६ मध्ये जपानात ती मांडली तेव्हापासून तिची योग्यता सिद्ध आहे. वरच्या पट्ट्यांवर युरोप-अमेरिका गाठायचे असतील तर ती जरूर घ्यावी. पण ४० मीटरचा डायपोल म्हणजे प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारा आणि मध्ये जोड. त्याचे सगळे सामान खान्देशात पायाशी पडलेले आहे. पंपाची मोटार रिवाइंड करणाऱ्या कोणत्याही दुकानात तांब्याची तार मिळते. जळगाव तर पाइपांचे आणि ठिबकचे गाव: मधला जोड पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याचा, आणि दोन तारांचा समांतर फीडर करायचा तर त्यात अंतर राखणारे तुकडे जुन्या ठिबक नळीचे. त्या काळ्या नळीत काजळी मिसळलेली असते, म्हणून ती उन्हात पांढऱ्या प्लॅस्टिकपेक्षा जास्त टिकते. उन्हाने तार लांबून अँटेना बिघडेल ही भीती मात्र सोडावी. हिवाळ्यातल्या दहा अंशांपासून मे महिन्यातल्या पंचेचाळीसपर्यंत वीस मीटर तांबे जेमतेम बारा मिलिमीटर वाढते, ७.१ मेगाहर्ट्झवर त्याचा फरक चार किलोहर्ट्झच्या आसपास. जपायचे ते दोरीला, कारण ती उन्हाने कुजते, आणि वळवाच्या वादळाला. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारा वारा उंच मनोऱ्याला सोडत नाही. दहा मीटरचा बांबू पडला तर तासाभरात पुन्हा उभा करता येतो. तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही ओढू नये आणि वीज कडाडू लागताच केबल रिगपासून काढून घराबाहेर टाकावी, एवढी दोन पथ्ये मात्र बिनशर्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत आदराने घ्यायला हवा. घरच्या अँटेनाचे कौतुक करणारे पुरावा काय देतात? काल फाइव्ह-नाइन, म्हणजे उत्तम सिग्नलचा शेरा, मिळाला, एवढाच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आयनांबर मिनिटामिनिटाला बदलते, त्यामुळे काल एक अँटेना आणि आज दुसरी लावून केलेली तुलना निरर्थक असते. पण तो दोष प्रयोगाचा नाही, प्रयोगाच्या पद्धतीचा आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची तीन प्रयोजने आहेत: स्वयंशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक शोध. तिसरे प्रयोजन आपण सर्वांत कमी पाळतो. दोन्ही अँटेना एकाच वेळी उभ्या ठेवून, स्विचने क्षणाक्षणाला बदलून समोरच्याला विचारावे, आणि कोणती अँटेना चालू आहे हे त्याला सांगू नये. याहून नेटके साधन म्हणजे विस्पर, पल्सारसाठी १९९३ चे नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी २००८ मध्ये हौशी लोकांच्या हाती दिलेली पद्धत. एक-दोन वॅटवर दोन-दोन मिनिटांचे संदेश जातात आणि ठिकठिकाणचे संगणक सिग्नल किती डेसिबलने ऐकू आला ते नोंदवतात. एक संदेश बुटक्या डायपोलवरून, पुढचा उभ्या अँटेनावरून, असे आळीपाळीने आठवडाभर चालू ठेवले तर आकाशाचे चढउतार दोघींना सारखेच वाटले जातात आणि उरतो तो अँटेनांमधला फरक.

खान्देशासाठी असा एक प्रयोग फार मोलाचा ठरेल. जळगावकडे तापीचा खोल गाळ आणि काळी जमीन. धुळ्याकडे बऱ्याच ठिकाणी थोड्याशा मातीखाली लगेच मुरूम आणि काळा पाषाण. उभ्या अँटेनाचे सारे भवितव्य या जमिनीवर, आणि काळी जमीन मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते, तर ऑगस्टमध्ये पाणी धरून चिकट होते. एक केंद्र जळगावकडच्या काळ्या शिवारात, एक धुळ्याच्या मुरमावर. दोन्हीकडे एकसारखी उभी अँटेना, एकसारखे रॅडियल, आणि तुलनेसाठी आठ मीटरवरचा एकसारखा डायपोल. मे महिन्यात एक आठवडा, ऑगस्टमध्ये एक. कागदावरचे गणित सांगते की फरक दिसायला हवा. तो किती डेसिबलचा आहे, हे ठरवायला मनोरा लागणार नाही. तार, बांबू, दोन परवानाधारक आणि एक सामाईक वही एवढे पुरेल.